पाणमोटेचं पंक्चर काढता येतं का? (बहिणीसाठी विचारतेय)

उंबरठा
नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. धाकट्या बहिणीला जुळी आहेत, दोघांत मिळून एकच वार. एका बाळाकडे रक्त जास्त आणि दुसऱ्याकडे कमी जात होतं म्हणून २० व्या आठवड्यात पोटातून दुर्बीण घालून लेझर केलं. ते छान झालं, दोन्ही बाळांचे ठोके व्यवस्थित, सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि बरोबर अकराव्या दिवशी पहाटे अंथरूण ओलं. तपासून म्हणाले की मोटेतलं, म्हणजे बाळाभोवतीच्या पिशवीतलं, पाणी झिरपतंय, दुर्बीण जिथून घातली ते भोक उघडं राहिलं असणार. ॲडमिट केलंय, अँटिबायोटिक चालू आहे, आणि बाकी काय तर वाट बघायची.

हे वाट बघणंच मला झेपत नाहीये. आतड्याला भोक पडलं तर शिवतात, हृदयाच्या पडद्यातलं भोक छत्रीसारखं काहीतरी बसवून बंद करतात, मग ह्या एवढ्याशा मोटेला एक ठिगळ लावता येऊ नये? रात्रभर शोधत बसले तर ॲम्निओपॅच म्हणून एक प्रकार दिसला आणि शिंपल्यांवरून सुचलेला कसला तरी गोंद. ह्यातलं खरं किती आणि पेपरातली बातमी किती? कोणी ह्या क्षेत्रातलं असेल तर प्लीज सांगा.

निमूट
काळजी घ्या ताई. पिशवीला टाका घालतात ना पण? माझ्या वहिनीला पाचव्या महिन्यात घातला होता, पूर्ण नऊ महिने गेले तिचे. तसा टाका नाही का घालता येणार?

शतपावली
मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, पण इथे जे लिहितेय तो सल्ला नाही, माहिती आहे, निर्णय बहिणीला हात लावून तपासणाऱ्या डॉक्टरांचाच.

निमूट, आधी शब्दांचा घोळ सोडवू, कारण ओपीडीत हा रोज होतो. आपण गर्भाशयालाही पिशवी म्हणतो आणि पाण्याच्या मोटेलाही पिशवीच म्हणतो. तुमच्या वहिनींचा टाका गर्भाशयाच्या तोंडाला होता, तोंड अवेळी उघडू नये म्हणून. मोटेला त्या टाक्याचा स्पर्शही झालेला नसतो. किंबहुना असा टाका असताना मोट फुटली तर तो आता ठेवायचा की काढायचा ह्यावरच आमच्यात दोन मतं आहेत, कारण तो ठेवला तर जंतूंना बसायला जागा मिळते.

आता मोट. हिला दोन पदर असतात. बाळाच्या बाजूचा ॲम्निऑन आणि गर्भाशयाच्या बाजूचा कोरिऑन. ॲम्निऑन जाडीला मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग, पण ताण सहन करायची खरी ताकद त्याच्यातच, कारण त्यात कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांची घट्ट वीण असते. आणि गंमत, म्हणजे गंमत नाही, पंचाईत अशी की ह्या पदरात एकही रक्तवाहिनी नाही. आपल्या बोटाला कापलं तर काय होतं आठवा, रक्त येतं, गुठळी धरते, तिच्यावर खपली, खाली नवी कातडी. ह्या सगळ्याची सुरुवात रक्तापासून आहे. ॲम्निऑनला भोक पडलं तर रक्तच येत नाही, मग पुढचं रामायण सुरूच होत नाही. वरून शिवायला जावं तर भिजलेल्या पतंगाच्या कागदाला सुई लावल्यासारखं, प्रत्येक टाका म्हणजे दोन नवीन भोकं.

खवचट_काका
म्हणजे पंक्चर काढायला चाक खोलता येत नाही, रबर ओलं आहे आणि गाडी चालू आहे. अवघड आहे बुवा.

उंबरठा
डॉक्टर, खूप आभार. पण मग एक विचारते. गर्भजल तपासणीसाठी सुई घालतात तेव्हाही भोक पडतंच ना? माझ्याच वेळी केली होती. दोन दिवस थोडं पाणी गेलं आणि आपोआप थांबलं. मग माझं कसं भरलं?

शतपावली
फार चांगला प्रश्न. तुमचं भरलं असं नाही, थांबलं. दोन्हींत फरक आहे.

गर्भजल तपासणीनंतर साधारण शंभरात एकीला पाणी झिरपतं आणि त्यातल्या बहुतेकींचं आठवडा-दोन आठवड्यांत थांबतं, पाणी परत भरतं, पुढे सगळं सुरळीत होतं. पण ते थांबतं कसं? गर्भाशयाचा स्नायू आवळतो, मोटेच्या बाहेरच्या अस्तरात छोटी गुठळी होते, आणि दोन पदर एकमेकांवरून थोडे सरकतात, त्यामुळे आतल्या पदराचं भोक बाहेरच्या भोकासमोर राहत नाही. दोन चाळण्या एकावर एक ठेवून एक किंचित फिरवावी तसं. ती सुई असते पाऊण ते एक मिलिमीटरच्या आतबाहेर. दुर्बिणीची नळी साधारण तीन मिलिमीटर. आकडा तिप्पट-चौपट वाटतो, पण भोकाचं क्षेत्रफळ दहा-पंधरा पट होतं, म्हणून तिथे हे सरकणं पुरं पडेलच असं नाही. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांनंतर ढोबळमानाने तीनात एकीची मोट वेळेआधी फुटते किंवा गळते. हा आकडा तुमच्या बहिणीला आधी सांगितला गेला असेल, पण त्या घाईत कोण लक्षात ठेवतं.

मोगरी
मी माझी गोष्ट लिहिते, वेगळी आहे पण उपयोगी पडेल. दुसऱ्या वेळी मला २६ व्या आठवड्यात आपोआप पाणी जायला लागलं, कसली सुई नाही, दुर्बीण नाही, काही नाही. ज्या हॉस्पिटलात नाव घातलं होतं तिथे रात्रीच्या ड्युटीवरच्यांनी सांगितलं की खोकला आहे ना, लघवी होत असेल, पॅड लावा आणि घरी जा. मी पण मान हलवून गेले कारण मलाही तेच खरं असावं असं वाटत होतं. दोन दिवस पॅड बदलत राहिले आणि तिसऱ्या दिवशी ताप. दुसरीकडे गेले तर आत बघितल्या बघितल्या कळलं. मग अँटिबायोटिक, बाळाच्या फुप्फुसांसाठीची इंजेक्शनं वगैरे सगळं, आणि २९ आठवडे होत असताना कळा सुरू झाल्या. मुलगा आता तिसरीत आहे, तोंडाचा पट्टा अखंड चालू, त्याची काळजी नको. पण मी तेव्हा डॉक्टरांना अगदी हात जोडून म्हटलं होतं की काहीतरी लावून बंद करा हो ते. त्या म्हणाल्या, आत जंतू असतील आणि मी दार बंद केलं तर ते कुठे जातील? नंतर वार तपासायला पाठवली तेव्हा खरंच पडद्यांना जुना जंतुसंसर्ग निघाला, पाणी जायच्या आधीपासूनचा असावा म्हणाले.

तर उंबरठा, पहिलं म्हणजे ती ॲडमिट आहे हे फार चांगलं आहे.

शतपावली
मोगरी, जे लिहिलंत ते ह्या धाग्यातलं सगळ्यात महत्त्वाचं आहे. लघवी की पाणी हा प्रश्न पॅडचा वास घेऊन सुटत नाही. निर्जंतुक स्पेक्युलम (योनीमार्ग उघडून बघायचं साधन) लावून आत पाणी साचलेलं दिसतंय का बघतात, थेंब काचेवर वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली नेच्याच्या पानासारखी नक्षी उमटते का बघतात, आणि आता गर्भजलातली ठरावीक प्रथिनं ओळखणाऱ्या पट्ट्याही आहेत. रंग बदलणारा जुना कागद मात्र रक्त, वीर्य किंवा जंतुसंसर्ग असेल तरी फसतो. आणि एक, मोट फुटल्याचा संशय असेल आणि कळा नसतील तर बोटाने आतली तपासणी शक्यतो टाळायची असते, प्रत्येक तपासणीबरोबर जंतू वर जातात.

आपोआप फुटलेली मोट आणि सुईने भोक पडलेली मोट ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकीचे आकडे दुसरीला लावू नका. आपोआप जिथे फुटते ती जागा बहुधा खाली, गर्भाशयाच्या तोंडापाशी असते. तिथला पडदा आधीपासून पातळ आणि विरलेला असतो, कधी जंतूंमुळे, कधी रक्तस्रावामुळे, कधी कारण सापडतच नाही. विरलेल्या कापडाला ठिगळ लावलं की ते ठिगळाशेजारी फाटतं. उंबरठा यांच्या बहिणीचं कापड चांगलं आहे, त्यात दाभण खुपसलं गेलंय. शिवाय भोक वरच्या बाजूला आहे आणि कुठे आहे ते माहीत आहे. म्हणून ठिगळाचे जे काही प्रयोग झाले त्यांतलं यश मुख्यतः ह्या दुसऱ्या गटातलं आहे.

तेजीमंदी
मला तर वाटतं बाहेर सर्रास करतात हे, डॉक्टर लोक सांगत नाहीत कारण त्यांना येत नाही. ॲम्निओपॅचचे व्हिडिओ आहेत की. पेशंटने मागणी केली पाहिजे.

चिकटगुंडा
तेजीमंदी, थोडं थांबा. माझी पीएचडी ओल्या ऊतींना चिकटणाऱ्या जेलवर झालीय (आयडीचं कारण कळलं असेलच), डॉक्टर नाही, प्रयोगशाळेतला माणूस आहे. ॲम्निओपॅच काय आहे ते आधी सांगतो, मग मागणी करायची का ते ठरवा.

१९९६ मध्ये रुबेन किंतेरो यांनी हे पहिल्यांदा मांडलं. कल्पना इतकी साधी आहे की काकांच्या चाकावरूनच सांगतो. ट्यूबलेस टायरमध्ये ते पांढरं द्रव ओततात ना, भोक कुठे आहे ते शोधायचं नाही, हवा ज्या वाटेने बाहेर पडते त्याच वाटेने द्रव जातं आणि तिथे अडकून घट्ट होतं. तसंच इथे, पोटातून बारीक सुईने गर्भजलात आधी प्लेटलेट सोडायच्या आणि मागोमाग क्रायोप्रेसिपिटेट, म्हणजे रक्तातला तो भाग ज्यात फायब्रिनोजेन आणि गुठळीचे इतर घटक भरपूर असतात. पाणी गळतंय त्या दिशेने प्लेटलेट वाहत जातात, भोकाच्या कडेला चिकटतात, त्यांच्यावर फायब्रिनचं जाळं धरतं. म्हणजे डॉक्टर म्हणाल्या ना की तिथे रक्तच येत नाही म्हणून खपली धरत नाही, तर इथे खपलीचं सामान बाहेरून पोचवायचं.

चाललं का? सुई किंवा दुर्बिणीनंतरच्या गळतीत, जंतुसंसर्ग नसेल तर, पेशंटांच्या छोट्या छोट्या मालिकांमध्ये अर्ध्याहून जास्त जणींची गळती थांबलेली आहे. आपोआप फुटलेल्यांत यश फारच कमी. पण ह्या मालिका म्हणजे निवडून घेतलेले पेशंट, आणि ज्यांचं आपोआपच थांबलं असतं अशा किती जणी त्यात धरल्या गेल्या ते वेगळं काढता येत नाही. आणि दुसरी बाजू, जी व्हिडिओत नसते. सुरुवातीच्या काळात ह्या प्रक्रियेनंतर काही बाळं पोटातच अचानक दगावली. प्लेटलेट एकदम खूप सोडल्या तर त्या सक्रिय होऊन रक्तवाहिन्या आवळणारी द्रव्यं सोडतात, त्याचा फटका बाळाला बसला असावा असा अंदाज होता, म्हणून पुढे प्लेटलेटचा डोस कमी केला. कॉक्रेन ही संस्था झालेले सगळे अभ्यास एकत्र तपासते, तिच्या २०१६ च्या आढाव्यात ह्या सगळ्या मोट सील करण्याच्या उपायांवर नीट तुलना केलेले अभ्यास सापडले फक्त दोन, मिळून १४१ बायका, तेही वेगवेगळ्या पद्धतींचे. त्यावरून हे करा किंवा करू नका असं काहीच ठामपणे म्हणता येत नाही असा निष्कर्ष निघाला. येत नाही म्हणून सांगत नाहीत हे खरं नाही, सांगण्यासारखा पुरावा हातात नाही.

तेजीमंदी
ओके, हे माहीत नव्हतं. मागे घेतो. पण मग दुर्बीण काढता काढताच तिथे बूच का मारत नाहीत? ही तर कॉमन सेन्सची गोष्ट आहे.

चिकटगुंडा
मारून बघितलंय! कॉमन सेन्स सगळ्यांनाच असतो 😄 कोलॅजनची बुचं बसवली, जिलेटिनच्या स्पंजची बसवली. बूच बसतं, दिसतंही जागेवर, पण जुळ्यांच्या लेझरनंतर कोलॅजनचं बूच लावलेल्या आणि न लावलेल्या बायका २०१३ मध्ये ताडून पाहिल्या तर मोट फुटायचं प्रमाण काही कमी झालेलं दिसलं नाही. कारण गर्भाशय वाढतंय, पडदा ताणला जातोय, भोक मोठं होतंय, दोन पदर एकमेकांपासून सुटे होतायत, आणि बूच बिचारं आहे तेवढंच.

हे सुटे होणं फार छळतं. गर्भाशय उघडून पोटातल्या बाळाच्या पाठीच्या कण्याची शस्त्रक्रिया करण्याचा जो मोठा अभ्यास २०११ ला आला, मॉम्स नावाचा, त्यात शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ४६ टक्के जणींची मोट आपोआप फुटली, जन्मानंतर शस्त्रक्रिया केलेल्या गटात ८ टक्के. आणि २६ टक्के जणींत पदर सुटे झालेले होते. बाळांना फायदा झाला, अगदी पुष्कळ झाला, पण किंमत मोटेने मोजली. म्हणूनच आता काही ठिकाणी नळी घालण्याआधी मोट गर्भाशयाच्या भिंतीला टाक्यांनी धरून ठेवतात, पदर सुटू नयेत म्हणून.

निमूट
तो शिंपल्याचा गोंद राहिला की. तो खरा आहे का?

चिकटगुंडा
खरा आहे आणि माझा लाडका आहे, त्यामुळे लांबण लागलं तर माफ करा.

समुद्रातले एक जातीचे शिंपले खडकाला धागे टाकून चिकटून बसतात, लाटा आपटतात, सगळं ओलंचिंब, तरी सुटत नाहीत. आपला कुठलाही साधा गोंद पाण्यात हात टेकतो कारण वस्तू आणि गोंद ह्यांच्यामध्ये पाण्याचा थर असतो. शिंपल्याच्या प्रथिनात डोपा नावाचं एक अमिनो आम्ल भरपूर असतं, ते त्या थरातून वाट काढून पृष्ठभागाला थेट धरतं. तीच रासायनिक मूठ कृत्रिम पॉलिमरच्या टोकांना बसवली की पाण्याखाली काही सेकंदांत घट्ट होणारं जेल मिळतं. झुरिक आणि अमेरिकेतल्या फिलिप मेसरस्मिथ यांच्या गटांनी २०१० पासून हे मोटेच्या पडद्यावर तपासलंय. त्या पहिल्या तपासणीतली गोष्ट मला फार आवडते. बाजारात जे वैद्यकीय गोंद आहेत ते ओळीने लावून बघितले तर काहींची पकड चांगली पण पेशी मरतात, काही पेशींना मानवतात पण पकड नाही. दोन्हींत पास होणाऱ्यांत हा होता. नंतर सशांवरही झालं. पण ससा म्हणजे बाई नव्हे, सशाची गर्भावस्था महिनाभराची, इथे गोंदाला पंधरा-सोळा आठवडे टिकायचंय, त्या काळात ताणायचंय, फुगायचं नाही, विरघळून बाळाच्या पोटात काही जायला नको, कारण बाळ ते पाणी गिळत असतं. आज हा गोंद कुठल्या दवाखान्यात मिळत नाही. कोणी देतो म्हणालं तर पळा.

दुसरी एक वाट मला जास्त पटते. भोक पाडून मग बुजवण्यापेक्षा आधीच अस्तर लावायचं. म्हणजे गर्भाशयाची भिंत आणि मोट ह्यांच्यामध्ये जेल सोडायचं, ते तिथे पसरून धरलं की त्याच्यातूनच सुई किंवा नळी आत न्यायची. नळी काढली की जेल स्वतःच मिटतं. लेदरला भोक पाडायच्या आधी मागून चकती चिकटवतात ना तसं. प्राण्यांच्या ऊतींवर चाचणी झालीय, पुढचं बघू.

खवचट_काका
थोडक्यात, पंक्चरवाला म्हणतोय टायर घेतानाच आतून पट्टी मारून घ्या.

शेवटचाबाक
मी रोज वाचणारा साधा वाचक. एक बावळट प्रश्न, हे ॲम्निऑन कधीच भरत नाही का? निसर्गाने एवढी सोय केली नसेल?

चिकटगुंडा
बावळट अजिबात नाही, ह्यावरच भांडणं चालू आहेत. २००६ मध्ये ग्राताकोस नावाच्या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी एक साधं काम केलं. दुर्बिणीची शस्त्रक्रिया झालेल्या बायकांची प्रसूती झाल्यावर मोट तपासली, नळीची जागा शोधली आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. आठवडे उलटून गेलेले, तरी भोक तसंच्या तसं, कडांना भरून येण्याची म्हणावी अशी खूण नाही. उंदरांमध्ये मात्र छोटं भोक काही दिवसांत भरतं, तिथे मॅक्रोफेज नावाच्या साफसफाई करणाऱ्या पेशी येतात, कडेच्या पेशी आपलं रूप बदलून सरपटत भोकात येतात. क्योटोमधल्या गटाने दाखवलंय की कोलॅजन दिलं तर हे भरणं वेगाने होतं. भोक मोठं असेल तर उंदरालाही दर वेळी जमत नाही.

लंडनमध्ये आणखी एक धागा सापडलाय. जखमेच्या कडेच्या पेशींमध्ये कनेक्सिन ४३ नावाचं प्रथिन वाढलेलं दिसतं, आणि त्याच्यामुळे पेशी पुढे सरकत नाहीत असं दिसतंय. म्हणजे पडद्याला भरायचं येत नाही असं नाही, कदाचित हँडब्रेक ओढलेला आहे. तो काढता आला तर गोंदाचीही गरज पडायची नाही. पण हे सगळं अजून बशीत.

मोगरी
बशीत म्हणजे प्रयोगशाळेच्या बशीत हो, कोणी गैरसमज करून घेऊ नका 😀

निमूट
व्हिटॅमिन सी ने कोलॅजन वाढतं म्हणतात. ते घेतलं तर? आणि भरपूर पाणी प्यायचं?

शतपावली
व्हिटॅमिन सी च्या अभ्यासांचे निकाल उलटसुलट आहेत, सी आणि ई दोन्ही मोठ्या डोसने दिलेल्या एका चाचणीत तर मोट फुटण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. स्वतःच्या मनाने गोळ्या सुरू करू नका. पाणी पिणं चांगलं, पण त्याने भोक बुजत नाही. बाळाच्या भोवतीचं पाणी ह्या काळात मुख्यतः बाळाची लघवी असते, ते रोज तयार होतं, बाळ गिळतं, परत तयार होतं. बादलीला चीर असली तरी नळ चालू आहे. नळाचा वेग गळतीपेक्षा जास्त असेल तर पातळी टिकते. म्हणून आम्ही गळतंय किती ह्यापेक्षा उरलंय किती हे मोजतो. सोनोग्राफीत दिसणारा पाण्याचा सगळ्यात खोल कप्पा दोन सेंटिमीटरच्या वर असेल तर जीव जरा भांड्यात पडतो. उंबरठा, जुळ्यांना बहुधा दोन वेगळ्या मोटा असतील, एकच वार असली तरी. लेझरच्या वेळी दुर्बीण ज्या बाळाकडे जास्त पाणी होतं त्याच्या मोटेत घालतात, म्हणजे गळती त्या एका मोटेची असण्याची शक्यता जास्त. दोन्ही कप्पे वेगवेगळे मोजतायत का विचारा.

पाण्याची एवढी चिंता का, तर फुप्फुसं. १६ ते साधारण २५ व्या आठवड्यापर्यंत फुप्फुसांच्या वाढीचा महत्त्वाचा काळ असतो, तेव्हा भोवती पाणी फारच कमी राहिलं तर ती नीट वाढत नाहीत. बाहेरून सलाईन सोडून पाणी भरायचा उपायही आहे, नेदरलँड्समध्ये ५६ बायकांवर नीट चाचणी झाली, बाळं वाचण्याच्या प्रमाणात फरक सिद्ध झाला नाही. भरलं की पुन्हा गळतं.

आणि ज्याला तुम्ही नुसती वाट बघणं म्हणताय त्यात खूप काही चालू असतं हो. अँटिबायोटिकने कळा सुरू होणं लांबतं आणि बाळाचा जंतुसंसर्ग कमी होतो, आणि तेही कुठलंही नाही. २००१ च्या ऑरॅकल चाचणीत एरिथ्रोमायसिनचा फायदा दिसला, पण अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनेटच्या जोडगोळीने बाळांच्या आतड्यांचा एक गंभीर आजार वाढलेला दिसला, म्हणून ती टाळतात. मग २४ आठवड्यांनंतर, प्रसूती जवळ वाटली तर फुप्फुसांसाठी स्टेरॉइडची इंजेक्शनं, मेंदूच्या संरक्षणासाठी मॅग्नेशियम. रोज ताप, नाडी, ठोके. ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर, पोट दुखरं, पाण्याला वास, आईची किंवा बाळाची नाडी धावतेय, ह्यातलं काही दिसलं तर मग प्रसूतीसाठी थांबायचं नाही, कितीही आठवडे असोत. आणि काहीच झालं नाही तर ३४ व्या आठवड्याला बाळ घाईने बाहेर काढायचीही गरज नाही हे २०१६ च्या एका मोठ्या चाचणीने दाखवलं, अर्थात ती एकेकट्या बाळांवरची, जुळ्यांचं गणित वेगळं.

उंबरठा
सगळं दोनदा वाचलं. बहिणीला वाचून दाखवलं. तिला दाभणाची उपमा आवडली, म्हणाली म्हणजे माझं कापड चांगलं आहे ना, मग ठीक आहे. आज डॉक्टरांना ॲम्निओपॅचबद्दल सरळ विचारलं. अजिबात रागावल्या नाहीत. म्हणाल्या की आत्ता गळती कमी होतेय आणि कप्पा २.३ आहे, अशा वेळी नवीन सुई घालून नवीन भोक पाडायला माझा हात धजत नाही, आणखी आठवड्याने कप्पा कोरडा पडायला लागला आणि जंतू नसतील तर जिथे ते करतात त्यांच्याशी बोलू. हो, दोन मोटा आहेत, आणि हो, दोन्ही मोजतात. मीच कधी विचारलं नव्हतं.

शतपावली
अशा डॉक्टर मिळाल्यात, सोडू नका.

उंबरठा
धागा वर काढतेय, एवढ्या जणांनी विचारपूस केली म्हणून. आज २६ आठवडे पूर्ण. गेले अठरा दिवस पॅड कोरडा. पॅच वगैरे काही केलं नाही. गळणाऱ्या मोटेचा कप्पा ३.४, दुसऱ्याचा ४. अजून हॉस्पिटलातच आहे, कंटाळलीय, आणि कंटाळलीय ह्याचा आम्हाला आनंद आहे. चिकटगुंडा, एक सांगा, मग आता ते भोक बुजलं असं म्हणायचं का?

चिकटगुंडा
फार बरं वाटलं वाचून. खरं सांगू, बहुतेक नाही. भोक तिथेच असणार, फक्त पदर सरकून किंवा गर्भाशयाच्या भिंतीला टेकून वाट बंद झालीय. म्हणून कोरडा पॅड बघून देखरेख सैल करू देऊ नका, परत सुरू होऊ शकतं. आणि एक हावरट विनंती, प्रसूतीनंतर वार आणि मोट तपासायला पाठवणार असतील तर नळीची जागा शोधायला सांगा. काय दिसलं ते इथे लिहाल का?

उंबरठा
विचारून ठेवते. तिला सांगितलं तर म्हणाली, आधी बाळं बघू दे, मग मोट. ठोके घ्यायला सिस्टर आल्यात, नंतर लिहिते.